काचेचं कौल

(कौलारू घराचं माजघर. अंधार. चुलीतला निखारा तेवढा दिसतो. कौलांवर पावसाचा आवाज.)

श्रावणातली दुपार. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जांबोटीच्या पुढचं एक घर. आत आलो, कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर नुसता काळोख. दुपारचे बारा वाजलेत आणि मावशींचा चेहरा दिसत नाही. पडवीलाही पावसाच्या सपकाऱ्यासाठी निळी ताडपत्री बांधलेली. उजेड यायला एकच वाट: वर बसवलेलं काचेचं कौल. त्यातून भुईवर हातभर तुकडा पडतो, तोही मळका. चुलीच्या धुरानं काच आतून काळवंडली आहे, बाहेरून शेवाळ धरलंय.

मावशी त्या तुकड्यापासून चार हात लांब, भिंतीला पाठ टेकून बसतात. तीस-पस्तीस पावसाळे त्यांनी चिखलात वाकून भाताची रोपं लावली. गेली सहा वर्षं कंबर दुखते आहे.

"पाऊस लागला की कंबर धरतीया बघ. रात्री कूस बदलायची म्हटलं की आई आठवतीया."

एक्स-रे काढला. त्यात फारसं काही दिसलं नाही. मग शेजारापाजारात एक शब्द फिरू लागला: सोंग. तो शब्द सांगताना मावशी आमच्याकडे बघत नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात.

म्हणून आधी हेच सांगायला हवं. हे सोंग नाही. कमरेकडून निघालेला निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो, आणि मेंदूही खाली उलट निरोप धाडत असतो: हे वाढव, ते दाब. दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळलं की कितीतरी जणांच्या बाबतीत ही दाबण्याची ताकद कमी पडते. जखम भरून येते, ठणका मात्र राहतो. एक्स-रेत हाडं दिसतात, हा कारभार दिसत नाही.

या कारभारात उजेडाचाही हात असावा, असं गेल्या काही वर्षांतलं संशोधन सांगू लागलं आहे.

(भाताची खाचरं. हिरवा रंग चौकटभर.)

अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले वेदनातज्ज्ञ मोहाब इब्राहिम यांच्या भावाला डोकेदुखी होती. झाडांमध्ये जाऊन बसलं की त्याला उतार पडायचा. इब्राहिम यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. 2017 साली त्यांच्या गटानं उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना रोज 8 तास, असे 5 दिवस हिरव्या एलईडीच्या उजेडात ठेवलं. त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढली आणि दिवे काढल्यावरही काही दिवस टिकली. मग त्यांनी काही उंदरांच्या डोळ्यांवर उजेड अडवणाऱ्या लेन्स बसवल्या. अंगावर तोच हिरवा उजेड, पण डोळे झाकलेले. गुण आला नाही. म्हणजे उजेडाची वाट कातडीतून नव्हती, डोळ्यांतून होती. अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम थांबवणारं नॅलॉक्सोन दिलं, तेव्हाही गुण गेला. शरीर स्वतःच तयार करतं ती वेदनाशामकं यात कामाला लागली होती.

ही वाट पुढे कुठे जाते, हे 2022 मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांतच शोधलं. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी असतात. हिरवा उजेड मुख्यतः त्यांच्याकडून मेंदूतल्या थॅलॅमसजवळच्या एका छोट्या केंद्रात पोचतो. तिथल्या काही पेशी एन्केफॅलिन नावाचं वेदनाशामक द्रव्य बनवतात, आणि त्यांचे धागे मेंदूच्या बुडाशी, वेदनेला लगाम घालणाऱ्या भागाशी जोडलेले आहेत. डोळा आणि कंबर यांच्यात असा रस्ता असेल, असं मला तरी कधी वाटलं नव्हतं.

हे झालं उंदरांचं. माणसांवरचं काम अजून थोडं आहे. 2020 साली अर्धशिशीच्या 29 रुग्णांनी आधी पांढऱ्या आणि मग हिरव्या उजेडात रोज एक-दोन तास असे काही आठवडे काढले. हिरव्या उजेडानंतर डोकेदुखीचे दिवस निम्म्याहून खाली आले. पण माणसं मोजकी, आणि कुठला दिवा लागलाय हे रुग्णाला दिसतच असतं. आशेचा भाग त्यातून वेगळा काढणं कठीण. शिवाय अर्धशिशीत झगझगीत उजेडानं त्रास वाढतो, हे ज्याला आहे त्याला सांगायला नको.

मला जास्त जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा 2005 सालचा अभ्यास. मणक्याची शस्त्रक्रिया झालेले 89 रुग्ण. काहींना इमारतीच्या उन्हाच्या बाजूची खोली मिळाली, काहींना सावलीची. उजेडातल्या रुग्णांनी तासागणिक 22 टक्के कमी वेदनाशामकं घेतली. खास दिवा नाही, यंत्र नाही. खिडकी.

(निपाणी. उंबऱ्याशी विड्या वळणाऱ्या बायका.)

आमच्या सीमाभागात बायका उजेड शोधतात, पण कामासाठी. निपाणीत विड्या वळणारी मांडीवर सूप घेऊन उंबऱ्याशी सरकते, पान नीट दिसावं म्हणून. काम थांबलं, दुखणं सुरू झालं, की तिची चटई आतल्या कोपऱ्यात जाते. आजारी माणसाला आडोसा हवा, अशी आपली माया. उजेड लक्समध्ये मोजतात. आकाश भरून आलेलं असलं तरी उघड्यावर हजारो लक्स उजेड असतो. अशा माजघरात तो शंभरापर्यंतही पोचत नाही. दुखण्याला आपण अंधारात नेऊन बसवतो.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. बाजारातला हिरवा बल्ब आणून भागेल, असंही नाही. प्रयोगातला उजेड ठरावीक तरंगलांबीचा होता. आणि उन्हाकडे एकटक कधीच बघायचं नाही.

(पाऊस उघडला आहे. शिडी लावलेली.)

तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली. मावशींचा पुतण्या राख आणि काथ्या घेऊन कौलांवर चढला. तो वर घासत होता, खाली शेवाळाचं हिरवं पाणी ओघळत होतं. सुनेनं आतून काठीला फडकं बांधून काजळी पुसली. भुईवरचा तुकडा आधी पिवळट झाला, मग पांढरा. पडवीची ताडपत्रीही एका अंगाला गुंडाळली.

मावशींनी चटई ओढत उजेडात आणली. कंबर दुखतच होती. हात टेकवत बसल्या, डोळे बारीक करून वर पाहिलं, मग भुईकडे.

"अगं बाई, केवढी धूळ ही! केरसुणी आण बघू."

केरसुणी सुनेनं घेतली. मावशी उजेडातच बसून राहिल्या.