बर्फाच्या कारखान्यातला पाहुणा

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय जमिनीलगत फुलणाऱ्या झाडांविषयी, म्हणजे एकदा लावली की दरवर्षी आपली आपण उगवून फुलणारी. आपल्या भुईचाफ्यावर येणारच आहे. पण आधी एका पाहुण्याची गोष्ट ऐका.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये भाचा हिमाचलातून आला. तिथल्या नर्सरीतून त्याने प्रिम्युलाचं रोप आणलं होतं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन दिवस रेल्वेत मांडीवर घेऊन. वीतभर उंची, मुळ्यासारखी पानं भुईला चिकटून गोल मांडलेली आणि मधल्या दांड्यावर जांभळ्या फुलांचा लिंबाएवढा चेंडू. हिमालयात १५०० ते ४५०० मीटरवर उगवतं हे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राचं छप्पर तो याचा तळमजला! आणि आमच्या घरातून भरतीची गाज ऐकू येते.

दांड्यावर पांढरी पिठी होती. ती त्या झाडाची जन्मजात. पण आमच्या हिला वाटलं मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. कडुनिंबाच्या तेलाचा बोळा घेऊन तिने रोप असं लख्ख पुसलं, की भाच्याला आवंढा गिळावा लागला.

कुंडी पडवीत ठेवली. दुपारचे बारा वाजले की पानं माना टाकायची. माती ओली, तरी पानं मलूल. मी आणखी पाणी घालायचो. इथे लक्ष द्या हं, माती ओली असून पान मलूल दिसलं तर आणखी पाणी घालायचं नाही. मी घातलं.

बंदरावर बर्फाच्या कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "गुरुजी, द्या इकडे. लाद्या काढतो तिथे खिडकीत ठेवतो." ठेवली. मिठाच्या पाण्याचा थेंब उडू नये म्हणून त्याने कुंडीभोवती पत्रा वाकवून लावला. मी रोज सकाळी सायकलवरून बघायला. बर्फ भरायला येणारे खलाशी तिला 'गुरुजींची भाजी' म्हणायचे. कोणी म्हणे मुळा, कोणी म्हणे पालक. एका तांडेलाने तर कालवण कसं करायचं तेही सांगितलं. (बर्फातला मासा 'ताजा' म्हणून विकणाऱ्यांशी माझं कधी पटलेलं नाही. ताजा म्हणजे रापणीचा, किनाऱ्यावरून जाळं ओढून धरलेला. असो.) आणि श्रोतेहो, एप्रिलात त्या रोपाला नवं पान आलं! मी पेढे वाटले. मासळीच्या वासात पेढे.

पण १ जूनपासून मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढल्या, बर्फाला गिऱ्हाईक नाही, कारखान्याला कुलूप. कुंडी घरी आली. पहिला पाऊस पडला आणि आठ दिवसांत पानांचा गड्डा माझ्या हातात उपटून आला. खाली मुळं नव्हतीच, नुसता कुजका वास.

का मेलं? थोडक्यात सांगतो. झाड दिवसा अन्न कमावतं आणि रात्री ते खर्च करतं. रात्र जितकी उकाड्याची, तितका खर्च जास्त. हिमालयात रात्री गार, इथे मे महिन्यात मध्यरात्रीही अंगाला घाम. शिवाय त्याला हिवाळाभर बर्फाखाली झोप लागते, आणि आपली माघातली थंडी म्हणजे एक पातळ चादर. वर तीन हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस. पाहुण्याला ना झोप, ना कोरडी बिछायत.

आता भुईचाफा. हळदीच्या कुळातला. हाही झोपतो, पण आपल्या वेळापत्रकाने. दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून बसतात आणि चैत्र-वैशाखात पानांआधी थेट मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर येतात, वासाची. फुलं संपली की लगेच, पावसाआधी, गड्डे वेगळे करा. दोन बोटं खोल, अर्ध्या सावलीत, पोफळीखाली किंवा आंब्याच्या कडेला लावा. शेणखत जुनं, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला. पागोळीखाली मात्र नको, तिथे गड्डा कुजतो. आणि मुख्य गोष्ट: पान गेलं की पाणी बंद. पुन्हा सांगतो, पान गेलं की पाणी बंद. फुलाची चाहूल लागेपर्यंत एक तांब्यासुद्धा नाही.

हल्ली खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवतात. पाय मळत नाहीत म्हणे. अहो, मग भुईचाफ्याने वर यायचं कुठून? आमच्या आळीत तीन घरांचे भुईचाफे असे जिवंत पुरले गेले. शेणाने सारवलेलं खळं ज्याने पाहिलंय त्याला माझा राग कळेल.

प्रिम्युलाच्या त्या कुंडीत मी भुईचाफाच लावलाय. यंदा जानेवारीत तो कारखान्यातला विद्यार्थी घरी आला. कुंडीत नुसती सुकी माती.

"गुरुजी, ह्यात काय?"

"भुईचाफा. झोपलाय."

मी चहा सांगायला आत वळलो, तेवढ्यात त्याने हातातली पाण्याची बाटली कुंडीत रिकामी केली. मी ओरडलो तर म्हणतो, "असू द्या गुरुजी, मेल्याला दोन घोट पाणी तरी!"