निळी पट्टी, चाळीस चौकटी

[दृश्य : गोल्डशायरची सराय, पडद्याच्या तळाशी एक्सपीची (अनुभवगुणांची) पट्टी]

खालची आडवी पट्टी बघा. एरवी जांभळी असते, आत्ता निळी आहे. हे पात्र सराईत लॉगआउट झालं आणि खेळणारा चार दिवस फिरकलाच नाही. तेवढ्या काळात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळानं त्याच्या नावावर विश्रांती जमा केली. सराईत किंवा शहरात आठ तास काढले की एका लेव्हलला लागणाऱ्या एक्सपीच्या 5 टक्के, म्हणजे चार दिवसांचे 60 टक्के. रानात लॉगआउट केलं तर त्याचा चौथा हिस्सा. कमाल मर्यादा दीड लेव्हल, आणि ती भरायला सराईत पूर्ण दहा दिवस लागतात. शिल्लक असेपर्यंत राक्षस मारल्याचा एक्सपी दुप्पट मिळतो. क्वेस्टच्या (नेमून दिलेल्या कामगिरीच्या) बक्षिसाला मात्र हा लाभ नाही.

2004 मध्ये खेळ बाजारात येण्याआधी, बीटामध्ये (चाचणीच्या आवृत्तीत), हीच योजना उलट मांडलेली होती. ठरावीक वेळेपेक्षा जास्त खेळलं की एक्सपी निम्मा व्हायचा. खेळाडू भडकले. खेळाचे प्रमुख डिझायनर रॉब पार्डो यांनी हा किस्सा जाहीरपणे सांगितलेला आहे : 100 टक्क्यांना 200 म्हटलं, 50 टक्क्यांना 100 म्हटलं. गणित तेच राहिलं, ओरड थांबली. जादा खेळणाऱ्याला वाटणारा दंड गेला आणि कमी खेळणाऱ्याच्या हातात बक्षीस आलं.

कॅज्युअल, म्हणजे अधूनमधून खेळणारा, खेळाडू कच्चाच असतो, असं धरून चाललं की पुढचं सगळं डिझाइन चुकत जातं. कित्येकांचा हात उत्तम असतो, कमी पडतो तो वेळ. कौशल्याची अडचण आणि वेळेची अडचण वेगवेगळी सोडवावी लागते.

[दृश्य : मोल्टन कोअर, डावीकडे चाळीस जणांच्या हेल्थच्या चौकटी]

वेळेची अडचण म्हणजे काय, ते या चौकटींत दिसतं. आठ ओळी, प्रत्येकीत पाच नावं. 2004 च्या खेळात मोठा रेड (अनेकांनी मिळून करायची चढाई) म्हणजे चाळीस जण. मोल्टन कोअर या रेडमध्ये दहा बॉस (बलाढ्य मुख्य शत्रू). शेवटच्या रॅग्नॅरॉसपर्यंत जायचं तर आधी त्याच्या अलीकडच्या मेजरडोमो या बॉसला बोलवावं लागतं, आणि तो येतो सात धगधगते रून (जादूची चिन्हं) विझवल्यावरच. रून विझवायला खास पाणी लागतं. ते मिळवायचं तर हायड्रॅक्सियन वॉटरलॉर्ड्सच्या गटाकडे आपली पत आधी वाढवलेली हवी. ते पाणी आणायला कुणी विसरलं, की चाळीस जण हात बांधून उभे. शिवाय आगीपासून बचावाचे कपडे, औषधांच्या बाटल्या, आणि एवढ्या सगळ्यांना एकाच संध्याकाळी जमवायचं. बॉस पडला की हाती लागायच्या मोजक्या वस्तू, वाटेकरी चाळीस.

जून 2006 मध्ये नॅक्सरामस हे नवं रेडचं ठिकाण उघडलं. पंधरा बॉस. त्यातल्या फोर हॉर्समेन या चौकडीसाठी गिल्डं (खेळाडूंचे कायमचे संघ) आठ-आठ टँक (बॉसचा मार अंगावर घेणारे) तयार ठेवायची. एवढी फौज उभी करणं फार थोड्यांना जमलं. महिनोन्महिने राबून घडवलेली ती जागा बहुतेक वर्गणीदारांनी आतून पाहिलीच नाही.

[दृश्य : हिरवट धुक्यात उघडणारं नॅक्सरामसचं दार]

नोव्हेंबर 2008 मध्ये, रॅथ ऑफ द लिच किंग या विस्तार-आवृत्तीबरोबर, तेच नॅक्सरामस 10 आणि 25 जणांसाठी पुन्हा बांधून आलं. दारं रुंद झाली, पण ओळखीची माणसं जमवायची अट कायम होती. भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यासाठी ती अट किती जाचक, ते घड्याळ सांगतं. मध्य युरोपात रात्री आठला सुरू होणारा रेड हिवाळ्यात पुण्याच्या साडेबाराला सुरू होतो.

नोव्हेंबर 2011 मध्ये 4.3 पॅचनं (खेळाच्या अद्ययावत आवृत्तीनं) रेड फाइंडर आणला. बटण दाबा, आपली भूमिका निवडा, रांगेत थांबा. 25 अनोळखी माणसं यंत्रणा जमवते. ड्रॅगन सोल या रेडचे आठ बॉस चार-चारच्या दोन भागांत. रांग कशानं लांबते? टँकमुळे. पंचवीस जणांत टँक दोनच लागतात, पण तेवढेही भराभर मिळत नाहीत. डॅमेजवाले (मारा करणारे) मात्र ढिगानं येतात.

[दृश्य : डेथविंगची पाठ, खाली ढग]

ही डेथविंगची, ड्रॅगन सोलमधल्या महाकाय ड्रॅगनची, पाठ. खेळाडू एका अंगाला गोळा झाले की तो त्या बाजूला कूस बदलतो. लोळण्याआधी पाठीवरच्या भोकांपाशी उभं राहायचं, तिथले तंतू तुम्हाला धरून ठेवतात. नवखा हमखास मोकळ्यावर उभा राहतो. हा गेला... आणि हा दुसरा. चाल तीच आहे. मार सौम्य केलाय, म्हणून उरलेले लढत राहतात. पुढे वारंवार हरणाऱ्या गटासाठी प्रत्येक पराभवामागे थोडी जादा ताकदही दिली गेली.

मोठी चूक झाली ती लुटीत. या सोप्या रेडमध्येही टिअर सेटचे (एकत्र घातल्यावर जादा बळ देणाऱ्या कपड्यांच्या संचाचे) तुकडे ठेवले. सेटचा बोनस हवा, म्हणून हार्डकोअर गिल्डंही दर आठवड्याला इथे येऊ लागली. पाच-सहा मित्र मिळून एकाच वस्तूवर फासे टाकायचे आणि जिंकलेली वस्तू आपसांत फिरवायचे. ज्याच्यासाठी दार उघडलं, तो रिकाम्या हातानं परतायचा. 2012 मध्ये, मिस्ट्स ऑफ पँडारिया या पुढच्या विस्तारात, फासे काढून टाकले आणि रेड फाइंडरमध्ये प्रत्येकाची लूट वेगळी ठरू लागली. भांडणं तिथेच संपली. सोप्या दारातली वस्तू अवघड दारातल्याला अनिवार्य वाटता कामा नये, हा नियम आज कुठलाही मल्टिप्लेअर खेळ बनवणाऱ्यानं पहिल्या दिवशी लिहून ठेवावा.

[दृश्य : रेडमध्ये नवीन खेळाडू येताच बदलणारा बॉसच्या हेल्थचा आकडा]

सप्टेंबर 2013, 5.4 पॅच, फ्लेक्स नावाचा नवा रेडप्रकार. 10 ते 25, कितीही या. अकरावा आला की बॉसची हेल्थ त्या प्रमाणात वाढते. म्हणजे एक मित्र जास्त झाला म्हणून त्याला घरी बसवावं लागत नाही. खोच एकच आहे : हेल्थ सलग वाढवता येते, पण बॉसचा शाप एका वेळी अडीच जणांना लागू शकत नाही. तो दोघांना लागेल किंवा तिघांना. ठरावीक आकड्यावर एक माणूस वाढला की लढत अचानक जड होते.

याच कारणानं 2014 मध्ये सर्वांत अवघड पायरी, मिथिक, वीस जणांवर पक्की केली. कोण कुठे उभं राहणार, कुणी कोणता मार झेलायचा, हे कोडं नेमक्या वीस तुकड्यांचं असतं. खालच्या पायऱ्या 10 ते 30 पर्यंत लवचिक झाल्या, ही मात्र पक्कीच राहिली, आणि ती तशीच राहायला हवी.

अनोळखी गटांमुळे सर्व्हरवरच्या ओळखी विरळ झाल्या, छोटी गिल्डं मोडली, ही तक्रारही खरी आहे.

[दृश्य : रांगेचं दार उघडल्याची खिडकी, कोपऱ्यात रात्रीचे पावणेदहा]

पावणेदहाला रांगेतून बोलावणं आलं. वेळ आहे तोवर चार बॉस होतील.