पाठांतरानं तारलेलं त्रिपिटक

श्रोतेहो, नमस्कार. २०१७ साली श्रीलंकेत ‘आलोको उदपादी’ हा सिंहली चित्रपट आला. कथा इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली, राजा वलगंबाची आणि त्याच्या काळात जपल्या गेलेल्या त्रिपिटकाची, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली ग्रंथसंग्रहाची. गादीवर येऊन पाच महिने होतात न होतात, तोच घरातून बंड आणि समुद्रापलीकडून स्वारी. राजधानी अनुराधापूर सोडून राजा परागंदा होतो, तो चौदा वर्षांनी परततो. राजा तसा शीघ्रकोपी. कपिसीस नावाच्या आपल्याच अमात्याला त्यानं रागाच्या भरात मारलं, हे महावंस या लंकेच्या जुन्या पाली इतिवृत्तानंही लपवलेलं नाही.

राजाची गोष्ट म्हटली की लढाया आल्याच. पण माझं मन गुंतलं ते भिक्खूंच्या हालअपेष्टांत.

अशोकपुत्र महिंद लंकेत धम्म घेऊन आला, तेव्हापासून त्रिपिटक गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानात, असंच चालत आलं होतं. लिहिलेलं काहीच नाही. अशात मोठा दुष्काळ पडला. राजाविरुद्ध बंड करणाऱ्या तिस्साच्या नावानं तो ओळखला जातो. विहार ओस पडले. कित्येक भिक्खू भुकेनं गेले, कित्येक भारतात निघून आले. साठ जण मात्र दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखात राहिले. कंदमुळं, झाडपाला खायचा आणि पाठ म्हणायचे. पाली अट्ठकथांत, म्हणजे त्रिपिटकावरच्या जुन्या टीकाग्रंथांत लिहिलंय, की अंगात त्राण असेतो ते बसून म्हणत. बसवेनासं झालं की वाळूचे ढीग करून आडवे होत, डोकी एकत्र आणत आणि पाठ चालू ठेवत.

त्रिपिटकातला महानिद्देस हा ग्रंथ पाठ असलेला तर एकच भिक्खू उरला होता, आणि तो शीलभ्रष्ट! महारक्खित थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, त्याच्याकडे शिकायला तयारच होईनात. फार आग्रह झाला तेव्हा बसले, रात्रंदिवस घोकून ग्रंथ मुखोद्गत केला. शेवटच्या दिवशी त्यांना गुरूच्या पलंगाखाली एक बाई दिसली. ‘आधी कळतं तर शिकलोच नसतो,’ असं ते म्हणाले. बरं झालं आधी कळलं नाही! पुढे बाकीच्यांनी महानिद्देस त्यांच्याकडूनच घेतला.

असा धोका पुन्हा नको, म्हणून पुढे ते लिहून काढायचं ठरलं. परंपरा सांगते, की मातलेजवळच्या अलुविहारात पाचशे भिक्खू जमले आणि त्रिपिटक ताडपत्रावर उतरलं. पानावर लोखंडी लेखणीनं अक्षरं कोरायची, वरून काजळी आणि तेल चोळायचं, पुसलं की कोरलेली अक्षरं काळी उठून दिसतात. या एवढ्या प्रचंड कामाला महावंसात जागा किती? अवघे दोन श्लोक! म्हणून त्यावर अख्खा चित्रपट निघाला याचं मला मोल वाटतं.

अलुविहाराचा ग्रंथसंग्रह १८४८च्या उठावात इंग्रजांच्या हातून नष्ट झाला. पण तोवर लंकेत गावोगावच्या विहारांत प्रती पोहोचल्या होत्या, शिकवणारे होते. १९०२ साली आपल्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला निघाले, ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात. तिथं सुमंगल महाथेरांपाशी बसून ते त्रिपिटक शिकले आणि पुढे त्याच आधारावर त्यांनी मराठीत ‘भगवान बुद्ध’ लिहिलं.