अशिलाची कबुली आणि वकिलाचे कर्तव्य

श्रोतेहो, न्यायालयीन थरारकथेत खून कोणी केला हा प्रश्न बहुधा लवकरच मागे पडतो आणि दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे येतो. आपला अशील दोषी असावा अशी शंका असताना, किंवा तो दोषी आहे हे कळून चुकल्यावर, बचाव पक्षाच्या वकिलाने काय करायचे? हा प्रश्न कादंबरीकारांनी कल्पनेतून काढलेला नाही. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात तो १८४० साली एका वकिलापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता.

त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड विल्यम रसेल हे ७२ वर्षांचे उमराव आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडले आणि त्यांचा स्विस नोकर फ्रांस्वा कूर्व्हाझिए याच्यावर खटला भरला गेला. त्याचे वकील चार्ल्स फिलिप्स यांना पहिल्या दिवसापर्यंत तो निर्दोष वाटत होता, कारण सारा पुरावा परिस्थितिजन्य होता. मग फिर्यादी पक्षाला एका हॉटेलची मालकीण साक्षीदार म्हणून मिळाली. चोरलेली चांदीची भांडी आरोपीने तिच्याकडे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी कामकाज सुरू होण्याआधी आरोपीने फिलिप्स यांना जवळ बोलावून खुनाची कबुली दिली, आणि तरीही आपला बचाव शेवटपर्यंत करावा असे बजावले. फिलिप्स वकीलपत्र सोडायला निघाले होते. सहकारी वकिलाच्या सांगण्यावरून त्यांनी न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. आरोपीचा आग्रह असेल तर खटला सोडता येणार नाही आणि पुराव्यातून निघणारा प्रत्येक रास्त युक्तिवाद केलाच पाहिजे, असे पार्क यांनी सांगितले. कूर्व्हाझिएला जुलैमध्ये फाशी झाली, परंतु वकिलावरचा रोष पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला.

फिलिप्स यांनी बचाव चालू ठेवला यात मला काहीही गैर दिसत नाही. ‘फिर्यादी पक्षाचा पुरावा पुरेसा नाही’ असे म्हणणारा वकील खोटे बोलत नसतो, कारण ते विधान पुराव्याबद्दलचे असते. घरातल्या निरपराध मोलकरणींकडे त्यांनी संशयाचे बोट वळवले, हा त्यांच्यावरचा आक्षेप मात्र गंभीर होता, आणि फिलिप्स यांनी तो अखेरपर्यंत नाकारला. माझ्या दृष्टीने त्यांची खरी चूक वेगळीच आहे. ज्या न्यायाधीशांसमोर खटला चालू होता त्यांच्यातल्याच एकाला त्यांनी अशिलाचे गुपित सांगितले, आणि आरोपीचा सर्वांत मोठा हक्क त्या क्षणी गेला.

या प्रश्नाला कथेत सर्वांत प्रामाणिकपणे भिडलेली कृती म्हणजे ‘अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ मर्डर’, असे मला वाटते. १९५८ साली ही कादंबरी रॉबर्ट ट्रेव्हर या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा तिचे लेखक जॉन व्होल्कर मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तिच्यामागे १९५२ चा एक खून खटला आहे, ज्यात बचावाचे काम स्वतः व्होल्कर यांनीच पाहिले होते. ऑटो प्रेमिंजर यांनी १९५९ साली तिच्यावर चित्रपट केला. तुरुंगातल्या भेटीत वकील अशिलाला नेमके काय घडले ते विचारत नाही. खुनाच्या आरोपाला कायद्यात कोणकोणते बचाव आहेत ते तो आधी समजावून सांगतो आणि त्यांपैकी तीन या अशिलाला, म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याला, का लागू पडत नाहीत हेही सांगतो. मग अशील विचार करतो, आणि त्या वेळी आपल्याला वेड लागले असावे या निष्कर्षापर्यंत ‘स्वतःच’ पोहोचतो. वकिलाने खोटे शिकवले का? प्रत्येक वाक्य कायद्याचे होते, अशिलाला कायदा समजावणे हे कर्तव्यच आहे, आणि तरीही प्रेक्षक अस्वस्थ होतो. चित्रपटात खुनाचा प्रसंग एकदाही दाखवलेला नाही, म्हणून आपल्याला ज्यूरीपेक्षा अधिक काहीच ठाऊक नसते. शेवटच्या पानावर अशील हसत कबुली देतो आणि वकील फसला असे ठरते, अशा कथा मला यापुढे फिक्या वाटतात. त्या वाचकाला अशी खात्री देतात, जी कोणत्याही न्यायालयाला मिळत नाही.

आपल्याकडे या पेचाचे स्वरूप थोडे निराळे आहे, आणि आपल्या लेखकांनी ते नीट पाहायला हवे. इंग्लंड-अमेरिकेतील कथांचा कळस म्हणजे आरोपी शपथेवर साक्ष देतो तो प्रसंग. भारतात आरोपीचा जबाब पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली, आता नव्या संहितेच्या कलम ३५१ खाली, शपथेशिवाय घेतला जातो, आणि खोट्या उत्तराबद्दल त्याला शिक्षा होत नाही. त्यामुळे अशिलाला शपथेवर खोटे बोलू द्यावे का, हा प्रश्न इथल्या वकिलापुढे क्वचितच येतो. त्याच्यापुढचा प्रश्न वकीलपत्र घ्यायचे की नाही हा असतो. आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम स्पष्ट सांगतात.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत हा नियम पाळणे किती कठीण झाले होते, ते आपण पाहिले आहे. कसाबचा बचाव न करण्याचा ठराव वकिलांच्या संघटनेने केला, आणि न्यायालयाने नेमलेल्या अंजली वाघमारे यांच्या घरावर जमाव चालून गेला. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपीही होते. मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात हाताने काढलेला नकाशा सापडला, असा पुरावा त्यांच्याविरुद्ध होता. पण कपडे रक्ताने माखलेले असताना त्या कागदावर रक्ताचा डाग नव्हता. दोघांचीही २०१० साली निर्दोष मुक्तता झाली आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. फहीमचे वकील शाहिद आझमी यांना तो निकाल ऐकता आला नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली होती. मराठीत न्यायालयीन कादंबरी लिहू पाहणाऱ्यांना माझा आग्रह आहे की त्यांनी शेवटच्या पानावरची कबुली बाजूला ठेवावी आणि पंचनाम्यातल्या अशा एका कागदाची उलटतपासणी पानेच्या पाने लिहावी.