उरलेल्या सुरळीचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. आधी एक हिशेब मांडते, म्हणजे माळ्यावर पडून असलेल्या वॉलपेपरच्या त्या उरलेल्या सुरळीवरचा तुमचा राग जरा कमी होईल.

वॉलपेपरची नेहमीची सुरळी 53 सेंटीमीटर रुंद आणि 10 मीटरांहून किंचित लांब असते. भिंत 270 सेंटीमीटर उंच धरा. सरळ भागाकार केला तर एका सुरळीत तीन पट्टे बसतात. आता त्या कागदावर दर 64 सेंटीमीटरला तेच फूल पुन्हा येतं असं समजा. शेजारशेजारच्या पट्ट्यांवरची फुलं जुळायची, तर प्रत्येक पट्टा नक्षीच्या त्याच जागेपासून सुरू व्हायला हवा. म्हणजे 64 च्या पटीत, 320 सेंटीमीटर कागद खर्ची पडणार. भिंतीवर 270 चढला, अर्धा मीटर कापून जमिनीवर. पट्टे तीनच निघाले, पण भिंतीला चार हवे असतील तर त्या एकासाठी दुसरी सुरळी फोडायची आणि तिचा दोन तृतीयांश भाग गुंडाळून ठेवून द्यायचा. तेव्हा कारागिराला बोल लावू नका. नक्षी जितकी मोठी, तितकं कातरण जास्त.

म्हणून आपल्या हाती उरतं ते दोन प्रकारचं. एक, अर्ध्या मीटरचे जवळजवळ चौकोनी तुकडे. दुसरा, सहा-सात मीटरांचा सलग ऐवज. यातला एक मीटर आधी बाजूला काढा आणि वेष्टनावरच्या चिठ्ठीसकट जपून ठेवा. त्या चिठ्ठीवर छपाईच्या खेपेचा क्रमांक असतो. तीच नक्षी वेगळ्या खेपेत घेतली की रंग एखादी छटा सरकलेला निघतो, आणि भिंतीवर ठिगळ लावायची वेळ आली की तो फरक लगेच डोळ्यांत भरतो. बाकीचा कागद आपला.

आता मुख्य मुद्दा. भिंतीवरचा कागद आपण दोन-तीन मीटरांवरून बघतो. त्याची नक्षी त्या अंतरासाठी काढलेली असते. तोच कागद डबीवर चढवला की तो हातभर अंतरावर येतो, आणि हातभर रुंदीचं फूल अचानक नुसता गुलाबी डाग होऊन बसतं. म्हणून कात्री लावण्याआधी मी एक जुना पुठ्ठा घेते, त्यात हव्या त्या मापाची खिडकी कापते आणि ती खिडकी कागदावरून फिरवत बसते. फुलाच्या मधोमध ठेवली तर बहुतेक वेळा कंटाळवाणं दिसतं. जरा खाली सरकवली की देठाचा एक वळसा, अर्धं पान आणि भरपूर मोकळी जागा मिळते. तो तुकडा घ्यायचा. या कामात घाई केली की पुढची सगळी मेहनत पाण्यात. खिडकी फिरवण्यात माझी कधीकधी अख्खी दुपार जाते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माझी पहिली फजिती सांगते. कागदपत्रांसाठी पुठ्ठ्याची लांबट पेटी केली. बाहेरून सुरेख कागद चिकटवला, कोपरे नीट बसले, रात्री टेबलावर ठेवून झोपले. सकाळी झाकण होडीसारखं वाकलेलं! झालं होतं असं, की खळ लागल्यावर कागद भिजून फुगतो आणि वाळताना आक्रसतो. आक्रसताना तो पुठ्ठ्यालाही सोबत ओढतो. एकाच बाजूला कागद असेल तर पुठ्ठा त्या बाजूला वळणारच. उपाय अगदी साधा: आतल्या बाजूलाही कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. आतला कागद शोभेचा असायची गरज नाही, रद्दीही चालते. शिवाय यंत्रावर बनलेल्या कागदाचे तंतू सुरळीच्या लांबीच्या दिशेने असतात आणि कागद फुगतो तो मुख्यतः रुंदीत. त्यामुळे लांबट झाकणाची लांबी सुरळीच्या लांबीच्या दिशेत ठेवली की वाक कमी येतो.

हा प्रकार काही मी शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या जॅफ्रे गावात, हॅना डेव्हिस नावाची बाई लाकडाच्या पातळ फळ्या वाकवून टोप्या ठेवायच्या पेट्या करायची. बाहेरून वॉलपेपर, आतून वर्तमानपत्र. तिच्या पेट्या आज संग्रहालयांत आहेत, आणि आतल्या वर्तमानपत्रांवरून त्यांच्या काळाचा अंदाज बांधता येतो. माझ्या पेटीत मात्र पुढच्या पिढ्यांना सोसायटीच्या सभेची सूचना सापडेल.

हे फुगण्या-आक्रसण्याचं गणित साध्या कागदी वॉलपेपरचं. नॉन-वूव्हन, म्हणजे न विणता तंतू एकत्र दाबून केलेला प्रकार जवळजवळ फुगत नाही, म्हणून भिंतीवर लावतानाही खळ कागदाला न लावता भिंतीला लावतात. नवशिक्यांनी त्यावरच हात बसवावा. व्हिनाइलच्या, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेल्या कागदाचा पृष्ठभाग पुसता येतो, पण त्यातून ओल बाहेर पडत नाही, त्यामुळे वाळायला फार वेळ लागतो. आणि व्हिनाइलवर व्हिनाइलची कड आली की साधी खळ ती धरत नाही, दोन दिवसांत कड सुटते. तुमचा कागद कुठला हे चिठ्ठीवर असतं. चिठ्ठी टाकून दिली असेल तर कोपरा फाडून बघा. वरची पातळ कातडी वेगळी ताणली गेली तर ते व्हिनाइल.

कुठे लावायचा, याबद्दल माझं मत थोडं एककल्ली आहे. मला तो आत आवडतो. खणाच्या तळाला, कपाटाच्या दाराच्या आतल्या अंगाला, पुस्तकांच्या फडताळात पुस्तकांच्या मागे. भिंतीवर ज्याच्याकडे आता कुणी बघतही नाही, तोच कागद खण उघडताच असा काही समोर येतो की मोजे काढायला आलेला माणूसही क्षणभर थांबतो.

खणात कागद चिकटवू नका. वर्तमानपत्राचा नमुना आधी खणात बसवून बघा, कारण जुन्या खणाचे चारही कोपरे काटकोनात असतात यावर माझा विश्वास नाही. मग त्या नमुन्यावरून कापा, मापापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमीच. सुरळीची गुंडाळी जात नसेल तर उलटी गुंडाळून रात्रभर ठेवा, नाहीतर जड पुस्तकांखाली दाबा. फडताळाच्या पाठीलाही थेट चिकटवण्यापेक्षा पातळ पुठ्ठ्यावर चढवून तो पुठ्ठा मागे सरकवून ठेवावा. कंटाळा आला की काढता येतो. भाड्याच्या घरात तर हाच मार्ग.

ट्रे किंवा टेबलाच्या पृष्ठभागावर कागद लावणार असाल तर वरून काच तरी हवी, नाहीतर व्हार्निश. व्हार्निश आधी कातरणावर लावून बघा. काही छपाईचे रंग ओघळतात, काही कागद तेलकट काळपट होतात. जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या फळ्या छान दिसतात, पण बुटांच्या टोकांचा विचार करा. दिव्याच्या शेडबद्दल नेहमी विचारतात. मी करत नाही. कागद आणि तापणारा बल्ब यांची मैत्री मला पटत नाही. एलईडी असेल आणि मधे मोकळी जागा असेल तर तुमची मर्जी.

आणि एक इशारा. जुन्या घराच्या अडगळीत खूप जुनी सुरळी सापडली, विशेषतः हिरव्या रंगाची, तर हरखून जाऊ नका. शील या रसायनशास्त्रज्ञाने 1775 मध्ये तयार केलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं, आणि एकोणिसाव्या शतकात असे हिरवे रंग वॉलपेपरमध्ये सर्रास वापरले गेले. असा कागद कापायचा नाही, घासायचा तर नाहीच.

शेवटी बोटभर रुंदीच्या पट्ट्या उरतात. खुणेच्या पट्ट्या करा, चिठ्ठ्या करा. कागदाला पाठही असते, हे आपण विसरतो. 1863 मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात व्हिक्सबर्ग शहराला वेढा पडला आणि तिथल्या ‘डेली सिटिझन’ या वर्तमानपत्राचा कागद संपला. त्यांनी अंक चक्क वॉलपेपरच्या कोऱ्या पाठीवर छापले. 4 जुलैला शहर पडलं. आत शिरलेल्या सैनिकांना छापखान्यात अक्षरं जुळवून तयार असलेली सापडली. त्यांनी खाली आपली एक छोटी टिप्पणी जोडली आणि तोच अंक पुन्हा छापला, वॉलपेपरवरच.

मी त्या पाठीवर घरातल्या सगळ्या खणांची मापं लिहून ठेवते. पुढच्या वेळी अस्तर बदलताना जुनं उलटं करायचं, माप तिथेच असतं.