बर्फाच्या ओलीवरची कुरणं

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्रात जोतिबाला आपण दवणा वाहतो. त्याची काडी बोटांत चुरगळली की येणारा वास तुमच्या ओळखीचा आहे. त्या दवण्याचा एक उग्र, कापरासारख्या वासाचा भाऊबंद मला भेटला तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, दीड-दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरउतारावर. त्याचं नाव सेजब्रश. दोघंही आर्टेमिसिया या एकाच कुळातले. कमरेएवढं झुडूप, पानांवर रुपेरी लव आणि पानाच्या टोकाला तीन दाते. माझी लेक बॉइसीला असते. तिच्याकडे गेले की मी घरात कमी आणि या डोंगरांवर जास्त असते. मातीचा विषय शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे झाडाआधी हात मातीकडे जातो.

तिथली माती समजून घ्यायची तर आपलं पंचांग बाजूला ठेवावं लागतं. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडतो आणि जमीन तापलेली असतानाच तिला ओल मिळते. तिथे बहुतेक पाणी हिवाळ्यात बर्फ होऊन पडतं, वसंतात वितळून जमिनीत मुरतं आणि पुढचा उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. वाढीला खरी ओल मिळते ती थोडेच आठवडे. झुडूप, गवत, तण, सगळ्यांची झटापट त्या तेवढ्या ओलीसाठी.

सेजब्रशने त्यासाठी दुहेरी मुळं राखली आहेत. एक जाळं वरच्या थरात पसरलेलं आणि काही मुळं खूप खोल. 1987 मध्ये रिचर्ड्स आणि कॉल्डवेल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, रात्री ही खोल मुळं खालचं पाणी वर आणतात आणि त्यातलं काही वरच्या कोरड्या मातीत सोडतात. हे झुडूप वाऱ्याने उडणारा बर्फही अडवून धरतं. 1950-60 च्या दशकांत गवत वाढावं म्हणून याच झुडपावर हजारो एकरांत तणनाशक फवारलं गेलं. मला ती मोठी चूक वाटते.

झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागेत गवताची बेटं असतात, ब्लूबंच व्हीटग्रास आणि आयडाहो फेस्क्यू. एका बेटाशेजारी मी खुरप्याने वीतभर उकरलं. गडद तपकिरी, भुसभुशीत माती, केसांसारख्या मुळांनी विणलेली. खाली बेसॉल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या कातळाचाच प्रकार. पण आपल्या काळ्या जमिनीसारख्या भेगा तिथे नाहीत. गवताची मुळं दरवर्षी मरतात, थंडीत सावकाश कुजतात आणि हा काळेपणा साठत जातो. अशा मातीला मॉलिसॉल म्हणतात.

हा थंडावाच या कुरणांचा राखणदार आहे. चीटग्रास नावाचं एक परदेशी गवत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शिरलं. ते शरद ऋतूत उगवतं, बर्फाची ओल आधीच पिऊन टाकतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वाळून कोळ होतं. मग ठिणगी पडायचा अवकाश. सेजब्रश जळालं की बुडातून पुन्हा फुटत नाही, ते बियांवरूनच परत यावं लागतं. वरच्या थंड, ओलसर उतारावर जुनी बेटं पुन्हा फुटतात, चीटग्रासला जागा देत नाहीत आणि दोन-तीन दशकांत झुडूपही परततं. खालच्या उबदार, कोरड्या जमिनीवर मात्र वणव्यामागून वणवा येतो. म्हणून जळालेल्या डोंगरावर बी पेरायचं की नाही, हे ठरवताना तिथली माती किती थंड आणि किती ओली, हे आधी पाहतात.

आता चराईचं. 1934 च्या टेलर कायद्यापर्यंत तिथली बरीचशी सरकारी जमीन कुणाच्याही जनावरांना मोकळी होती आणि ती ओरबाडली गेली. डूबॉइस गावाजवळ 1915 पासून एक सरकारी मेंढी संशोधन केंद्र आहे. तिथल्या दीर्घ प्रयोगात काही कुरणं वसंतात भरपूर चारली, काही शरदात. वसंतात चारलेल्या कुरणांत गवत आणि फुलझाडं घटली, सेजब्रश माजलं. शरदात चारलेल्या कुरणांत सेजब्रश आटोक्यात राहिलं आणि गवत टिकलं. शरदापर्यंत गवताचं बी पडून गेलेलं असतं, वाळकी पात खाल्ली तरी बेटाचं नुकसान होत नाही. शिवाय त्या दिवसांत मेंढ्या सेजब्रशही खुडतात. चराईची चर्चा आपल्याकडे जनावरांच्या संख्येवर येऊन थांबते. कुठल्या महिन्यात चारलं, हे कुणी विचारत नाही, याची मला खंत आहे.

गेल्या खेपेला मे महिन्यात मला तिथे एक मेंढपाळ भेटला. पेरूहून आलेला, तुटकं इंग्रजी बोलणारा. फाटकापाशी कळप थांबवून तो एकटाच कुरणात शिरला. ब्लूबंचची एक काडी उपटून तिचं फुगलेलं आवरण त्याने नखाने चिरलं आणि माझ्यापुढे धरलं. आत कोवळी, पांढरट लोंबी होती. आपली ज्वारी पोटरीत येते ना, अगदी तस्सं. या दिवसांत बेट खुडलं तर ते सर्वांत जास्त खचतं, कारण पुन्हा फुटायला जमिनीत ओल उरलेली नसते. त्याने मान हलवली, फाटक ओढून घेतलं आणि कुत्र्यांना शीळ घालून कळप पलीकडच्या उताराकडे वळवला.