रानात बसलेलं सरकार

(शेणोली स्टेशन. पहाट. रूळ, मागं स्मारक.)

हे शेणोली. कराडच्या पुढचं लहानसं स्टेशन. ७ जून १९४३ रोजी याच भागात रुळांवर दगड रचून पुणे-मिरज गाडी अडवली गेली. गाडीत सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम होती. अडवणारे होते आसपासच्या गावांतले तरणे शेतकरी. त्यांचं नेतृत्व जी. डी. बापू लाड करत होते. पथकाचं नाव होतं तुफान सेना.

या घटनेला कुणी लूट म्हटलं की त्यात सामील असलेली माणसं म्हातारपणीही चिडायची. इंग्रजांनी रयतेकडून नेलेला पैसा आम्ही रयतेसाठी परत आणला, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि पैसा लागतच होता. कारण त्यांना एक सरकार चालवायचं होतं: इंग्रजांच्या राज्याला पर्याय म्हणून उभं केलेलं साताऱ्याचं प्रतिसरकार.

(ड्रोन. कृष्णाकाठ, मग कुंडलचे डोंगर.)

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली, मोठे पुढारी तुरुंगात गेले आणि इथं गावंच्या गावं कचेऱ्यांवर चालून गेली. कराड, पाटण, तासगाव. तासगावला कचेरीवर तिरंगा चढला. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळ्या चालल्या. झेंडा हातात धरलेले परशुराम घार्गे पडले, त्यांच्याबरोबर आणखी माणसं पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला.

मोर्चे तिथं थांबले. माणसं घरी मात्र परतली नाहीत. ती भूमिगत झाली.

आता हा नकाशा बघा. हिरवा रंग इंग्रजांच्या मुलखाचा, पिवळा संस्थानांचा. गोधडीला ठिगळं लावावीत तसा हा प्रदेश. कुंडल औंध संस्थानात. वारणा ओलांडली की कोल्हापूर संस्थान. मधेच सांगली, पुढं जत. एका हद्दीत पोलीस मागं लागले की पाणंदीनं दुसऱ्या हद्दीत जायचं. औंधच्या राजानं तर १९३९ मध्येच प्रजेला राज्यकारभार देणारी घटना मंजूर केली होती. कुंडल ही प्रतिसरकारची राजधानी का झाली, ते या पिवळ्या ठिपक्यात दिसतं.

(येडेमच्छिंद्र. नाना पाटलांचा पुतळा.)

क्रांतिसिंह नाना पाटील, वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी होती, ती १९३० च्या कायदेभंगाच्या दिवसांत सोडली. वळण सत्यशोधक आणि बोलणं रांगड्या गावरान भाषेत, गावकऱ्याला आपल्या पारावरचं वाटेल असं. त्यांच्या भाषणांबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. आम्हाला त्यांचं तलाठीपण जास्त मोलाचं वाटतं. जमीन कुणाच्या नावावर आहे आणि कसतो कोण, कागद कसा फिरतो, सावकार कुठं अंगठा घेतो, हे सगळं तलाठ्याइतकं कुणाला कळणार?

त्यांच्याबरोबर होते किसन वीर, नाथाजी लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर, बर्डे मास्तर. भूमिगत समाजवादी पुढारी अच्युतराव पटवर्धनही या भागात येऊन राहिले. नाना मात्र सगळ्यांचे नाना होते.

(रात्र. बाभळीखाली कंदील, घोंगडी.)

सुरुवातीला गाठ पडली ती दरोडेखोरांशी. सरकारची पकड ढिली झाल्याचं बघून टोळ्या माजल्या होत्या, काही तर चळवळीचं नाव सांगून घरं फोडत होत्या. भूमिगतांनी आधी या टोळ्यांचा बंदोबस्त केला. बायकामाणसांना रात्री निर्धास्त झोप लागू लागली, आणि गावानं या पोरांना भाकरी द्यायला सुरुवात केली. प्रतिसरकारचा पाया इथं घातला गेला, असं आम्ही मानतो. रेल्वेचा पैसा त्यानंतरचा.

मग लोक तक्रारी घेऊन येऊ लागले. बांध कोरला. पाण्याचा हिस्सा दिला नाही. नवऱ्यानं टाकली. जमीन गहाण आहे, मुद्दल फिटून कैक वर्षं झाली, तरी सावकार कागद देत नाही.

यातून न्यायदान मंडळं उभी राहिली. मुलखाचे गट पाडले होते. गावानं आपले पंच निवडायचे. गावात सुटलं नाही तर प्रकरण गटाकडं जायचं. बैठक बहुतेक रात्री, वस्तीवर किंवा रानात. वादी समोर, प्रतिवादी समोर, आणि भोवती गाव. वकील नाही. स्टॅम्प नाही. तारखेवर तारीख नाही. साताऱ्याच्या कोर्टात जायचं तर भाडं, खावटी, वकिलाची फी यांतच अर्धं रान विकायची पाळी यायची. इथं गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या शेजाऱ्यांसमोर बोलायचं होतं. बांध कुठला, आंबा कुणाच्या आज्यानं लावला, हे त्या शेजाऱ्यांना पाठ असायचं. खोटं बोलणं अवघड जायचं.

या दृश्यात जरा थांबू. कंदिलाच्या उजेडात गहाणखत उलगडलं जातंय. आमच्यासाठी गावातल्याच तरुणांनी हा प्रसंग करून दाखवला. कागद हातात घेणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं बघा. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. कागद आधी डोळ्यांजवळ, मग लांब, मग शेजाऱ्याकडं: 'वाच बाबा.'

गहाण जमिनी सुटल्या. दारूबंदी आली. गावांत वाचनालयं निघाली. शिवाशिव मोडायचा प्रयत्न झाला. साधारण दीडशे गावांत हा कारभार घट्ट बसला होता, आणि त्याची जरब त्याहून कितीतरी लांब पोचली होती.

जरब हा शब्द मुद्दाम वापरतोय. गुंड, खबरे, निकाल न जुमानणारे सावकार यांना शिक्षा व्हायची ती तळपायांवर काठ्या मारून. घोड्याला पत्री ठोकतात तशी ठोकली, असं लोक म्हणायचे. प्रतिसरकारचं पत्री सरकार झालं ते असं. काही खबऱ्यांचा जीवही गेला.

(भवानीनगर. रस्ता. मग हौसाताईंचं छायाचित्र.)

ही नाना पाटलांची लेक, हौसाताई. त्या वेळी त्या सतरा-अठरा वर्षांच्या होत्या.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं हवी होती. ठरलं असं की हौसाताईंनी ठाण्यासमोर जायचं, साथीदारानं नवरा व्हायचं आणि भर रस्त्यात बायकोला मारायचं. तो घाबरत घाबरत हात उचलत होता. खरं वाटायला हवं, नाहीतर पोलीस बाहेर येतील कशाला? मग मार खरा बसला. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात आत शिरलेल्यांनी बंदुका उचलल्या.

हा किस्सा हौसाताई नव्वदीतही रंगवून सांगायच्या, आणि मारणाऱ्याला त्यानंतर आपण कसं झापलं तेही. डाक बंगले जाळण्यातही त्या होत्या. पदरी तान्हं मूल होतं. निरोप, भाकऱ्या, पिस्तुलं, जखमी माणसं, हे सगळं बायकांच्या हातून गेलं. पिस्तूल पाटीतल्या शेणाखाली असायचं, आणि तिथं हात घालायचं फौजदाराला सुचायचं नाही.

(लग्नाचं जुनं छायाचित्र. मग गावातली आजची वरात.)

आणि गांधी लग्नं. सत्यशोधकांनी भटजीविना लग्नं लावायची वाट पाडलेलीच होती. प्रतिसरकारनं ती गावोगाव नेली. हुंडा नाही, बँड नाही, जेवणावळी नाहीत. हार घालायचे, शपथ घ्यायची, लग्न झालं. लेकीच्या लग्नापायी कर्ज काढायचं आणि त्यापायी रान घालवायचं, ही साखळी तिथंच तुटायची. न्यायदान मंडळं नि गांधी लग्नं वेगवेगळी बघू नका. दोन्हींतून सावकाराचीच वाट अडवली जात होती.

१९४४ साली गांधीजींनी भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं. सातारकर झाले नाहीत. आजच्या उत्तर प्रदेशातल्या बलियाचं असंच सरकार काही दिवसांत गेलं, बंगालमधलं तामलुकचं १९४४ मध्ये संपलं. साताऱ्याचं टिकलं.

(मणदूर. डोंगर, पाऊस.)

फेब्रुवारी १९४६. शिराळ्याकडच्या मणदूरला पोलिसांशी चकमक झाली. प्रतिसरकारचे कार्यकर्ते किसन अहीर पडले. नागनाथअण्णांनी पुढं वाळव्यात काढलेल्या साखर कारखान्याला त्यांचंच नाव दिलं.

त्याच वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, नाना प्रकट झाले, प्रतिसरकार थांबलं. सहकारी वेगवेगळ्या पक्षांत गेले. नाना कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते वारले.

(कुंडल. संध्याकाळ. पार.)

जी. डी. बापू २०११ मध्ये गेले, नागनाथअण्णा २०१२ मध्ये, हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये.

हा कुंडलचा पार. संध्याकाळी इथं माणसं बसतात. आम्ही गेलो त्या दिवशी दोन भावांत पाइपलाइनवरून वाद चालला होता. कॅमेरा बघून दोघं गप्प झाले. मग थोरला सरकून बसला, म्हणाला, 'तुमचं शूटिंग होऊ द्या, आमचं मिटतंय.'